खालची ओळ आधी

आत्या, परवा पुलगावच्या विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कोणीतरी माइक माझ्या हातात दिला आणि मी लोकांना हसवलं.

माझ्या लग्नातल्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. अल्लीपूरचा, पांढऱ्या टोपीचा. तू पंगतीतून कॅमेरा घेऊन फिरत होतीस आणि तो बुंदीचा लाडू तोंडापाशी धरून तसाच बसून राहिला होता. वाढणारे दोनदा येऊन गेले, शेजारचा हात धुवायला उठला, तरी याचा लाडू हवेतच. शेवटी तू त्याच्यासमोर पोचलीस तेव्हा त्यानं विचारलं, "सिस्टर, घेतलं काय मले?" तू म्हणालीस, "घेतलं बाबाजी. आता खा." मग त्यानं लाडू खाल्ला. विहारात सगळे हसले, हसता हसता बायांनी पदर डोळ्यांना लावले, समोर बसलेले भन्तेजीसुद्धा गालात हसले. मला वाटलं, झालं, जमलं. मी माइक पुढच्याला दिला आणि येऊन बसलो.

शेजारून बायको हळूच म्हणाली, "हेच सांगाचं होतं काय तुमाले?"

नव्हतं. तिला माहीत होतं, म्हणून तर तिनं विचारलं. सांगायचं होतं ते लाडवाच्या गोष्टीपेक्षा बरंच लहान होतं. आत्या, माझ्या लग्नाच्या त्या डिस्कमध्ये चित्र थरथरत होतं ते तुझ्या हातामुळे नाही. ते माझ्या चुकीमुळे होतं. तू मरेपर्यंत उलटं समजत राहिलीस आणि शेवटची तीन वर्षं मला खरं माहीत असून मी तुला सांगितलं नाही.

एवढंच. एका दमात म्हणता येईल असं. आपल्या घरात बोलका म्हणून माझी ख्याती. लग्न असो की मौत, गोष्ट सांगायला मलाच उठवतात. पण हे मला तुझ्यासमोर म्हणता आलं नाही, तुझ्या फोटोसमोरही आलं नाही. म्हणून आता लिहितो आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिहून कायले राह्यला? तोंड हाय ना तुले." हो, तोंड आहे. तीच तर अडचण.

तुझा हात म्हणजे काय होतं, ते पुलगावात कोणालाही विचारावं. सरकारी दवाखान्यात तीस-बत्तीस वर्षं तू नर्स होतीस. लस टोचायला आणलेली लेकरं सुई आत गेल्यावर नाही, बाहेर आल्यावर रडायची, कारण आत गेलेली त्यांना कळायचीच नाही. मला लहानपणी तू सांगितलं होतंस, "सुई द्यायच्या आंधी आपण श्वास सोडाचा. सोडला की हात आपोआप थांबते." पुढे तू हँडीकॅम घेतलास तेव्हा तसंच करायचीस. श्वास सोडायचा आणि मग कॅमेरा फिरवायचा. साडी खोचून, कोपर बरगडीला टेकवून मांडवभर फिरायचीस. तुझी चित्रं पाहताना कोणाला वाटलंच नसतं की हे हातात धरून घेतलेलं आहे. आणि नियम एकच, एकही पाहुणा सुटता कामा नये. "आमाले घेतलंच नाई" असं नंतर कोणी म्हटलं तर तुला तो स्वतःच्या कामातला गुन्हा वाटायचा.

माझं लग्न तू असं घेतलंस. तीन टेपा, दोन तास चाळीस मिनिटं. त्याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा तू नोकरीत होतीस, हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढे सगळं त्यावरच आलं.

आता माझ्याविषयी. हिंगणघाटच्या पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर बसतो, समोर संगणक आहे, तो चालू करता येतो आणि बंदही करता येतो. एवढ्या भांडवलावर आपल्या घराण्यात मी इंजिनिअर होतो. कोणाचा फोन अडकला की मी, कोणाचा फॉर्म भरायचा की मी, आणि कॅमेरा टेपा गिळायला लागला तेव्हा "दिनू करन ना डिस्का" म्हणून मीच. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तू नोकरीतून सुटून पाच वर्षं झाली होती. मी वर्ध्याच्या एका स्टुडिओतून तुझ्या टेपा संगणकात उतरवून आणल्या आणि भाषण द्यायला तुझ्या घरी आलो. आठवतं? तू अंगणात सांबार निवडत बसली होतीस. बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

"एका डिस्कमंदी तासभरच चांगलं बसते, आत्या. जास्त कोंबलं की तोंडं पुसट होतात. कापा लागन."

"काय कापतं?"

"पंगती. पाऊण तास नुसते लोकं जेवून राह्यले."

"मंग काय करतीन? तुया लग्नात पाहासारखं दुसरं होतं काय?"

"अवं पण दर्जा!"

"दर्जा ठेव तुयापाशी. माणूस कापाचा नाई. दोन डिस्का कर, तीन कर."

तीन केल्या. आणि मी त्या कामाला असा भिडलो की जणू दिल्लीला नमुना पाठवायचा आहे. चित्र बाहेर काढताना संगणक शंभर प्रश्न विचारतो. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत की अमेरिकेतली? आपल्याकडची. पडदा चौकोनी की लांबट? चौकोनी, आत्याचा डबा टीव्ही तसाच आहे. दर सेकंदाच्या चित्राला जागा किती द्यायची, त्याला बिटरेट म्हणतात, तो मी वाढवत वाढवत आठवर नेला. डिस्क सहन करील तेवढा. आवाज दाबायचा नाही, जसाच्या तसा. प्रत्येक उत्तराला छाती दोन बोटं फुगत होती.

त्या सगळ्याच्या खाली एक बारीकसा प्रश्न होता. वरची ओळ आधी की खालची ओळ आधी?

तेव्हा मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. आता माहीत आहे. जुन्या टेपेवरचं चित्र एकसंध नसतं. ते आडव्या ओळींचं असतं आणि दोन हप्त्यांत घेतलेलं असतं, आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. दोन कंगवे एकमेकांत अडकवावेत तसं. कोणता कंगवा आधीचा हे टीव्हीला खरं सांगावं लागतं. उलटं सांगितलं तर नंतरचं चित्र आधी दिसतं आणि आधीचं नंतर. म्हणजे चालणारा माणूस पाऊलभर पुढे जातो, अर्धं पाऊल मागे येतो, पुन्हा पुढे, सेकंदाला पंचवीस वेळा. पाहणाऱ्याला वाटतं थरथरतो आहे. तुझ्या कॅमेऱ्याची खालची ओळ आधी होती.

मी वरची आधी ठेवली. का? तर मी आवक-जावकचा माणूस. कुठलाही कागद वरून खाली वाचायचा, कुठलाही फॉर्म वरून खाली भरायचा. खालची ओळ आधी कोण वाचतं? हे इतकं उघड वाटलं की मी कोणाला विचारलंही नाही. संगणकावर चालवून पाहिलं, तिथे सगळं ठीक दिसलं, कारण संगणक दोन्ही कंगवे एकत्र करूनच दाखवतो. दोष फक्त डबा टीव्हीवर दिसायचा होता. म्हणजे फक्त तुझ्या घरी.

रविवारी सकाळी सगळे तुझ्याकडे जमलो. तू पोहे केले होतेस. पहिली डिस्क घातली. तोंडं काय स्वच्छ आली होती! नवरदेवाच्या, म्हणजे माझ्या, मिशीचा केस न् केस मोजता येत होता, त्यावरून हसून झालं. मग तुझा कॅमेरा पाहुण्यांवरून फिरायला लागला आणि सगळा मांडव थरथरायला लागला. खुर्च्या, माणसं, पताका, सगळं.

"हे असं काऊन होऊन राह्यलं रे?" तू विचारलंस.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, माहीत नाही, पाहतो. ते तीन शब्द मला कधी जमलेच नाहीत. मी म्हणालो, "मूळ टेपमंदीच हाय, आत्या. मशीन जे असन तेच दाखवते. आन तूच सांग, थ्या दिवशी कॅमेरा धरला होता का चाळणी?"

सगळे हसले. तूही हसलीस. पण मग तू टीव्हीजवळ जाऊन उभी राहिलीस आणि पडद्यावर बोट ठेवलंस. "हे पाह्य. या जागी मी कॅमेरा फिरवला नाई, सरका, एका जागी धरला. मागची कनात हलून नाई राह्यली. नुसता वाढणाऱ्याचा हात हलून राह्यला. माया हात हलला असता त कनात बी हलली असती ना?"

आत्या, तू त्या क्षणी रोग बरोबर ओळखला होतास. बत्तीस वर्षं माणसं पाहून कमावलेली नजर ती. मीच डॉक्टर असल्यासारखा मध्ये पडलो. "तसं नसते थे. डिजिटलमंदी तसंच दिसते."

"पयले टेपवर पाह्यलं तवा असं नव्हतं."

"पयले गडबडीत कोन पाह्यते बारीक!"

तू खुर्चीत बसून उजवा हात समोर धरलास, बोटं पसरलीस आणि त्याच्याकडे पाहत राहिलीस. मला ते दिसलं होतं. मी पोहे खात होतो.

निघताना फाटकापाशी तू मला थांबवलंस. बाकीचे पुढे गेले होते.

"दिनू, थ्या साली मी ड्युटीवर होती रे."

"मंग?"

"लेकरायच्या दंडात सुया देत होती रोज. हात असा हालत असन त..."

"काई नाई होत वं आत्या," मी म्हणालो. "कोनाची तक्रार आली काय?"

"लेकरू कोठी तक्रार करते," तू म्हणालीस.

मी गाडीला किक मारली.

त्यानंतर कॅमेरा कपाटात गेला. आमच्या घरातली पुढची लग्नं भाड्याच्या पोरांनी घेतली, त्यात नवरा-नवरी ढगातून येतात आणि पाहुण्यांपैकी निम्मे दिसतच नाहीत. तुला म्हटलं की तू घे, तर म्हणायचीस, "नोको, मायाच्यानं चाळणी होते." माझाच विनोद. तू तो इतक्या सहज वापरायचीस की मला वाटायचं तुला आवडला आहे.

मग तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका सोबत्यानं त्याच्या मुलाच्या बारशाची टेप आणून दिली. डिस्क करून दे म्हणाला. मी जुन्या सवयीनं सगळं तसंच भरलं, आठचा बिटरेट, वरची ओळ आधी. त्याच्या घरीही डबा टीव्हीच, दुसऱ्या दिवशी म्हणतो, "अबे, सगळं थरथरून राह्यलं." मी लगेच, "शूटिंगवाल्याचा हात." तो म्हणाला, "हात कोनाचा? कॅमेरा तिपाईवर होता."

तिपाईवर.

समोर एक बाई दाखल्यासाठी उभी होती, तिला मी दोनदा तेच विचारलं. संध्याकाळी घरी जाऊन तुझी फाईल उघडली, खालची ओळ आधी केली, पाच मिनिटांचा तुकडा काढला आणि शेजाऱ्यांच्या जुन्या टीव्हीवर लावला. तुझा कॅमेरा मांडवावरून फिरला. पाण्यावरून होडी जावी तसा.

तेव्हाच गाडी काढायला हवी होती. हिंगणघाट ते पुलगाव किती अंतर आहे ते मला पाठ आहे. पण मी म्हटलं, आता नुसतं सांगायचं कशाला, नीट डिस्काच करून नेऊ. तुला दाखवू. तू पाहशील, आश्चर्य करशील, मग हसत हसत सांगू. बघ, गुन्ह्याचीसुद्धा मी गोष्ट करायला निघालो होतो, शेवटी टाळी घेणारी.

आणि मग मी दर्जाच्या मागे लागलो. खरंच लागलो. बिटरेट एकसारखा ठेवायचा की जिथे हालचाल जास्त तिथे जास्त? एकदा काढून पाहिलं, दोनदा काढून पाहिलं. संगणकाला चित्र आधी एकदा नुसतं चाळू द्यायचं आणि दुसऱ्या फेरीत लिहायला लावायचं, असं केलं की आणखी चांगलं येतं म्हणे, तसं केलं. रंग थोडे पिवळे वाटले, ते दुरुस्त केले, मग ते निळे वाटले. सुरुवातीला नावांची पाटी हवी की नको यात एक अख्खा उन्हाळा गेला. चांगल्या डिस्का मिळेनात म्हणून नागपुरात शोधल्या. बायको म्हणायची, "झालं काय तुमचं?" मी म्हणायचो, "थोडा दर्जा राह्यला." तिला पहिल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. एकदा ती म्हणाली, "दर्जा नाई राह्यला. हिंमत राह्यली." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही, कारण तिचं बरोबर होतं.

गेल्या वर्षी एकदा मी खरोखर डिस्का घेऊन आलो होतो. तीन डिस्का, पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. तुला हे माहीत नाही. तू बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला होतास. जेवण झालं, तू खिडकीजवळ बसून परकराला नाडीची पट्टी शिवायला घेतलीस आणि सुई-दोरा माझ्या हातात दिलास.

"ओवून दे रे. माया हात तुले मालूमच हाय."

मी सुई घेतली. दोरा मलाही जाईना. तू वाट पाहत होतीस. पिशवी माझ्या पायाशी होती. दोरा ओवला, तुला दिला आणि तू शिवायला लागलीस. आत्या, मी पाहत होतो. तुझा टाका सरळ होता. एकामागे एक, मुंग्यांच्या रांगेसारखा. तो हात सत्तरीत थरथरत नव्हता आणि मी मात्र त्याला बावीस वर्षांपूर्वीपासून आजारी ठरवून बसलो होतो.

"आत्या," मी म्हणालो.

"काय रे?"

"रस्सा लय चांगला होता."

"मंग येत जा ना," तू म्हणालीस. "फोनवर काय, फोनवर कोनीबी बोलते. येजो."

पिशवी तशीच परत नेली. स्वतःला सांगितलं की दुसऱ्या डिस्कच्या शेवटी आवाज किंचित मागे पडतो आहे, तेवढं दुरुस्त करून आणू. पडत होता, खोटं नाही. अर्ध्या सेकंदानं.

नंतर तू आजारी पडलीस, आणि तुझं आजारपण असं आटोपशीर की आम्ही भेटायला यायचे दिवस ठरवतो आहोत तोवर संपलंही. तू आयुष्यभर कोणाला ताटकळत ठेवलं नाहीस. ते मात्र मी करू शकलो.

परवा विहारातलं जेवण झाल्यावर तुझी प्रज्ञा पाण्याच्या टाकीपाशी भेटली. डोळे सुजलेले होते, पण तुझ्यासारखीच कामात होती, पत्रावळ्या मोजत. म्हणाली, "दिनूदादा, लाडवाचं चांगलं सांगितलं तू. आईनं ऐकलं असतं त हासली असती." मग म्हणाली, "एक सांगू? रिटायर झाल्यावर बी लोकं येत होते आईपाशी. सुई द्याले, सलाईन लावाले. देत होती थे. मंग एकाएकी बंद केलं. दहा-अकरा वर्सं झाले असतीन. शेजारची म्हातारी रडली, दवाखान्यात चारदा टोचतात म्हने, तुया हातानं दे. नाई देल्ली. मी विचारलं काऊन, त म्हने, भरोसा नाई राह्यला. मले कधी समजलंच नाई कायचा भरोसा."

आत्या, हे मला माहीत नव्हतं. कॅमेरा ठेवलास हे माहीत होतं. सुई ठेवलीस हे माहीत नव्हतं.

मी प्रज्ञाला तिथेच सांगितलं. ओळी, कंगवे, तिपाई, पिशवी, सगळं, वेडंवाकडं, एकही विनोद न करता. तिच्या हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा होता. तो तिनं ओट्यावर ठेवला.

"तीन वर्सं मालूम होतं तुले?"

"हाव."

"आन मले सांगून राह्यला? मी काय करू आता? तिले सांगाचं होतं ना!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तुझ्या डोळ्यांनी पाहते ती, आत्या.

"डिस्का आनल्या काय?"

"गाडीत हायेत."

"उद्या दुपारी या. आईचा टीव्ही अजून चालते."

'या' म्हणाली. दोन मिनिटांपूर्वीपर्यंत मी तिचा दिनूदादा होतो, 'तू' होतो. आत्ता हे लिहीपर्यंत मी 'तुमी'च आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघंच बसलो. तुझी खुर्ची प्रज्ञानं भिंतीला सरकवून ठेवली होती, तिच्यात कोणी बसलं नाही. पहिली डिस्क पाहिली. मांडव एकदाही हलला नाही. प्रज्ञा तोंडावर पदर धरून पाहत होती. मधेच नुसतं म्हणाली, "किती सरका हात."

दुसऱ्या डिस्कमध्ये बाबा आले. माझे वडील, तुझा धाकटा भाऊ. स्टेजच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, पांढऱ्या कडक सदऱ्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत. तू आधी त्यांचा चेहरा घेतलास. मग कॅमेरा खाली आला, हळू, श्वास सोडून फिरवायचीस तसा, आणि त्यांच्या पायांवर थांबला. नवी चप्पल होती. पट्टा पायात रुतला होता. पाय सुजलेले होते. आम्हाला त्या दिवशी ते पाय दिसलेच नाहीत, आम्ही फेट्यांच्या मागे होतो. तू दवाखान्यातली. असे पाय तू रोज पाहत होतीस, पुढे काय होतं तेही पाहत होतीस.

तिथे चित्र हललं.

नुसते पाय नाही. पाय, खुर्ची, खाली अंथरलेली चटई, मागची कनात, सगळं एकदम, एकाच बाजूला. दोन सेकंद, फार तर तीन. हे ओळींचं हलणं नव्हतं. मग ते थांबलं आणि कॅमेरा वर आला. बाबांनी वर पाहून तुला विचारलं, "झालं काय वं ताई?" आणि कॅमेऱ्यामागून तुझा आवाज आला, अगदी नेहमीचा, "झालं. हास थोडा." बाबा हसले.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तूच हट्टानं त्यांना नागपूरला घेऊन गेली होतीस. "नुसतं तपासून येऊ," म्हणाली होतीस. आम्हाला वाटलं तुझी नर्सपणाची खोड. सात महिन्यांनी बाबा गेले. तुला कधीपासून माहीत होतं ते तू कधी सांगितलं नाहीस, आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. माझ्या अकरा वर्षांपूर्वीच्या डिस्कांमध्येही हे दोन-तीन सेकंद होतेच. पण तिथे मी अख्खं लग्न हलवून ठेवलं होतं, त्यात हे कोणाला दिसणार?

प्रज्ञानं चित्र थांबवलं. "या जागी हालला," ती म्हणाली.

"हाव. या जागी हालला."

मग तिनं डिस्क काढली, पुसली, खोक्यात ठेवली. म्हणाली, "सगळ्यायले एक एक पायजे. अल्लीपूरवाल्यायले बी. तुमी करून द्या." चहा केला नाही तिनं. मीही थांबलो नाही.

आज सकाळपासून तेच करतो आहे. नवीन सॉफ्टवेअर आहे, आधीच्यापेक्षा हुशार, प्रश्न कमी विचारतं आणि पुष्कळशी उत्तरं स्वतःच भरून ठेवतं. मी या वेळी एकेक ओळ वाचली, वरपासून खालपर्यंत, आणि जे समजलं नाही ते एका जाणत्याला फोन करून विचारलं. फोनवर मी म्हणालो, मला हे माहीत नाही, सांगा. पन्नाशीत हे पहिल्यांदा म्हणालो. तुझ्यापुढे म्हणायला हवं होतं.

अगदी शेवटी एक चौकोन आहे. हातात धरून घेतलेल्या चित्राची थरथर काढून टाकण्यासाठी. त्यात आधीच बरोबरची खूण केलेली होती. मी ती पुसली, चौकोन रिकामा आहे ना ते पुन्हा एकदा पाहिलं, आणि मग डिस्क लिहायला लावली.